सुप्त बियाणं रुजवताना: प्रकाश आणि रसायनं कधी, किती आणि कोणत्या क्रमाने

बियाणं ताजं आहे, टपोरं आहे, किडीचा मागमूस नाही. पाणी वेळेवर दिलं, ऊबही पुरेशी आहे. तरी तीन आठवडे उलटले आणि ट्रेमध्ये एक हिरवा ठिपका दिसत नाही. रोपं करणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट होते. बियाणं मेलं असं समजून फेकून दिलं जातं, नाहीतर कुणीतरी सांगितलेल्या प्रमाणात जिबरेलिक ॲसिडमध्ये, म्हणजे उगवण सुरू करणाऱ्या एका संप्रेरकाच्या द्रावणात, बुडवलं जातं. दोन्हींत घाई आहे. बी नेमकी कशामुळे अडली आहे हे साधं पाणी, टिपकागद आणि ॲल्युमिनियम फॉईल एवढ्यावर तपासायला सुरुवात करता येते, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं. रसायनाची पाळी त्यानंतरची. पुढची सगळी मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

## न रुजलेली प्रत्येक बी सुप्त नसते

कोरडी, जिवंत बी पाणी, हवा आणि योग्य तापमान मिळालं की रुजते. हे सगळं मिळूनही जी रुजत नाही, ती सुप्त. आणि जिच्यात जीवच उरलेला नाही, ती मृत. वरून तिघी सारख्याच दिसतात.

सुप्त बियांमध्येही प्रकार आहेत. कॅरल आणि जेरी बास्किन या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्याने केलेली वर्गवारी आज जगभर वापरली जाते. आपल्या कामापुरतं तिचं सार असं: काही बियांचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. बाभूळ, सुबाभूळ, गुलमोहर अशा शेंगावर्गातल्या पुष्कळ झाडांचं हे दुखणं. काही बिया पाणी पितात, फुगतात, पण आतल्या संप्रेरकांचा कौल उगवणीच्या विरोधात असतो. काहींमध्ये बी गळून पडते तेव्हा आतला गर्भच पुरता वाढलेला नसतो. सेलरी आणि तिच्या कुळातल्या बऱ्याच वनस्पती या गटात मोडतात. आणि काहींमध्ये यातली दोन कारणं एकत्र असतात.

प्रकाश आणि रसायनं यांचा उपयोग प्रामुख्याने दुसऱ्या गटावर होतो. टणक टरफलाच्या बीला कितीही महागडं द्रावण पाजलं तरी ते बाहेरच राहणार. हे एवढं लक्षात ठेवलं तर निम्मा खर्च आणि निम्मी निराशा वाचते.

## आत काय चालतं

बीच्या आत दोन संप्रेरकं एकमेकांविरुद्ध काम करत असतात. ॲब्सिसिक ॲसिड उगवण रोखून धरतं. जिबरेलिन ती सुरू करतं. तराजूची ही दोन पारडी आहेत असं समजा. कोणतं जड आहे यावर बी रुजणार की थांबणार हे ठरतं. एकट्या जिबरेलिनची किंवा एकट्या ॲब्सिसिक ॲसिडची मात्रा फारसं सांगत नाही, दोघांमधला फरक सांगतो.

जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये काही रोपं भसाभस उंच वाढायची आणि कोलमडायची. एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की रोगकारक बुरशीने सोडलेल्या द्रावणामुळेच ही वाढ होते. पुढे तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याला बुरशीच्या नावावरून जिबरेलिन हे नाव दिलं. वनस्पती स्वतःही ते तयार करतात हे नंतर कळलं. गव्हा-तांदळासारख्या धान्यात गर्भाकडून निघालेलं जिबरेलिन पिठाच्या साठ्याभोवतीच्या थराला पिष्ट विरघळवणारी विकरं तयार करायला लावतं. लेट्युससारख्या बीमध्ये मुळाच्या टोकासमोरचं आवरण मऊ करायला ते मदत करतं, म्हणून मूळ ते फोडून बाहेर येऊ शकतं.

आता प्रकाश यात कुठे बसतो? बीमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की ते कार्यक्षम रूपात जातं. ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा दूर-लाल प्रकाश पडला की ते परत निष्क्रिय होतं. कार्यक्षम फायटोक्रोम बीमध्ये जिबरेलिन वाढवतं आणि ॲब्सिसिक ॲसिड घटवतं. म्हणजे प्रकाशाचा झोत आणि जिबरेलिनची बाटली या दोन वेगळ्या दुनिया नाहीत, एकाच प्रक्रियेला दोन ठिकाणी दिलेला धक्का आहे. नायट्रेटही त्याच प्रक्रियेत शिरतं. ॲब्सिसिक ॲसिड मोडून काढण्याचा वेग ते वाढवतं.

हे उलटसुलट होणं पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं ते अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात. हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्युसच्या ओल्या बियांवर लाल आणि दूर-लाल प्रकाशाचे झोत आळीपाळीने सोडले. झोत कितीही वेळा बदलले तरी निकाल शेवटच्या झोतावर ठरला. शेवटचा लाल असेल तर भरघोस उगवण, दूर-लाल असेल तर बरीच कमी.

यातून व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या चार गोष्टी निघतात. पहिली, कोरड्या बीला प्रकाश दाखवून उपयोग नाही. ती आधी पाणी प्यायलेली हवी. दुसरी, झाडाची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूर-लाल खाली सोडतात. मोकळ्या उन्हात लाल आणि दूर-लाल प्रकाशाचं प्रमाण साधारण बरोबरीचं किंवा लाल किंचित जास्त असतं, दाट पानांखाली ते एक-दशांशापर्यंत घसरू शकतं. म्हणून प्रकाश लागणाऱ्या बियांचा ट्रे झाडाच्या सावलीत ठेवू नका. आपल्या डोळ्यांना तिथे भरपूर उजेड वाटतो, बीला मात्र ‘वर दुसरं झाड उभं आहे, थांब’ असाच निरोप मिळतो. तिसरी, जुन्या पद्धतीच्या तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये दूर-लाल प्रकाश भरपूर असतो. या कामाला तो नको. पांढरी ट्यूबलाइट किंवा पांढरा एलईडी चांगला. चौथी, मातीत उपयोगी पडेल इतका प्रकाश चार-पाच मिलिमीटरच्या खाली क्वचितच पोचतो. ज्या बीला उजेड हवा, तिच्यावर बोटभर माती टाकली की विषय संपला.

तणांचा सगळा खेळ याच शेवटच्या मुद्द्यावर चालतो. खाली गाडलेल्या ओल्या तणबियांना नांगरणीत क्षणभर मिळालेला उजेडही पुरतो. मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून बाटल्यांत भरून पुरल्या होत्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली तेव्हाही बियांना अवेळी उजेड लागू नये म्हणून खोदकाम रात्रीच्या अंधारात केलं गेलं. एकशे बेचाळीस वर्षांनीही त्यातल्या काही बिया रुजल्या. तणांचा त्रास असेल तर हे ज्ञान थेट वापरता येतं: वाफा तयार करा, पाणी द्या, तण उगवू द्या, ते अगदी वरवर खुरपून काढा आणि मग खालची माती न हलवता पेरा. खोल खुरपलं की बियांची नवी फळी उजेडात येते.

## पायरी १: बी पाणी पिते का, हे पाहा

पंचवीस-तीस बिया मोजून घ्या, छोट्या काट्यावर वजन करा आणि खोलीच्या तापमानाच्या पाण्यात २४ तास भिजवा. बाहेर काढून टिपकागदावर वरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन करा. पाणी शोषणाऱ्या बियांचं वजन ठळकपणे वाढतं, बऱ्याचदा निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त. काटा नसेल तर नुसती नजरही चालते. फुगलेली बी मोठी, किंचित फिकट आणि नखाला मऊ लागते. न फुगलेली खड्यासारखी कडक, चकचकीत आणि आधीएवढीच राहते.

न फुगणाऱ्या बियांसाठी टरफलाला वाट करून द्यायची असते. थोड्या आणि मोठ्या बिया असतील तर बारीक पॉलिशपेपर किंवा नखं कापायचं यंत्र पुरेसं आहे. बी चिमटीत धरा. जिथे ती शेंगेला चिकटलेली होती ती खूण शोधा आणि तिच्या विरुद्ध बाजूला घासा. मुळाचा कोंब बहुतेक त्या खुणेजवळच असतो, त्याला धक्का लागता कामा नये. टरफलाचा गडद रंग जाऊन आतला फिकट पांढरट थर टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. त्याहून खोल गेलात तर आतला दलांचा भाग कुजतो. घासलेली बी पाण्यात टाकली की त्याच जागेपासून फुगायला लागते, आणि काही तासांत एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने अजून ताठ अशी ती दिसते. तसं दिसलं की काम जमलं.

बिया जास्त असतील तर पाणी उकळा, आचेवरून उतरवा, जरा निवू द्या. सुमारे ८० अंश सेल्सिअस झालं की बियांच्या चार-पाच पट पाणी त्यांच्यावर ओता आणि ते तसंच थंड होऊ देत रात्रभर ठेवा. फुगलेल्या बिया वेगळ्या काढून पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तोच उपचार द्या. पातळ टरफलाच्या बियांवर हे करू नका, त्या शिजतील.

टणक बियांसाठी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड वापरायची पद्धत मोठ्या रोपवाटिकांत आणि प्रयोगशाळांत आहे. घरी किंवा शेतावर ती करू नये असं मी ठामपणे सांगेन. भाजणं, डोळा जाणं हा धोका खरा आहे, आणि पॉलिशपेपरने तेच काम होतं.

## पायरी २: धुऊन पाहा

हे इतकं साधं आहे की लोक विसरतात. उगवण रोखणारी द्रव्यं कित्येकदा बीच्या बाहेरच्या आवरणात किंवा गरात असतात. टोमॅटोच्या बिया फळात ओल्याच असतात, तरी सहसा रुजत नाहीत, ते गरामुळे. पपईच्या बीभोवतीची पातळ जेलीसारखी पिशवीही उगवण अडवते. बीट म्हणून आपण जे पेरतो तो बियांचा वाळलेला गुच्छ असतो आणि त्याच्या सालीत रोधक द्रव्यं असतात. म्हणून बीज परीक्षणात बीट चाचणीआधी काही तास धुतात.

पपईच्या बिया गाळणीत घेऊन बोटांनी चोळा, पिशव्या फुटू द्या, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून मग धुवा. बीटचे गुच्छ दोन ते चार तास वाहत्या किंवा वरचेवर बदललेल्या पाण्यात ठेवा.

## पायरी ३: उजेड आणि अंधार यांची चाचणी

हीच खरी मध्यवर्ती पायरी. इथे वेळ द्या.

झाकणाच्या सपाट, पारदर्शक डब्या घ्या. तळाला दोन थर टिपकागद किंवा साधा, रंग-वास नसलेला कागदी रुमाल. कागद ओला करा, पण डबी तिरकी केल्यावर पाणी ओघळायला नको. बियांवर पाण्याचा थर राहिला तर हवा मिळत नाही आणि निकाल फसवा येतो. प्रत्येक डबीत २५ बिया, एकमेकींना न चिकटणाऱ्या. चार डब्या उजेडासाठी, चार अंधारासाठी. अंधाराच्या डब्या बिया ओल्या झाल्या की लगेच फॉईलच्या दोन थरांत गुंडाळा. उशीर केला तर भिजलेल्या बियांनी हवा तेवढा प्रकाश आधीच घेतलेला असतो.

उजेडाच्या डब्यांना पांढऱ्या दिव्याखाली रोज किमान आठ तास. प्रखर ऊन नको. बंद डबी उन्हात तापते आणि बिया प्रकाशाने अडल्या की उष्णतेने हे कळत नाही. बीज परीक्षणात ७५० ते १२५० लक्स पुरेसे धरतात, म्हणजे ट्यूबलाइटच्या जवळचा टेबल. तापमान दोन्ही गटांना एकच हवं, आणि हा मुद्दा कडकपणे पाळा. तापमान बदललं की प्रकाशाची गरजही बदलते. लेट्युसची बी थंडाव्यात अंधारातही रुजू शकते. तीच बी तिशीच्या वरच्या तापमानात उजेड असूनही बऱ्याच जातींत अडते.

दिवस-रात्रीत तापमान खालीवर होणं बऱ्याच बियांना आवडतं. प्रयोगशाळेत १६ तास २० अंश आणि ८ तास ३० अंश अशी जोडी सर्रास वापरतात, आणि प्रकाश त्या उबदार आठ तासांत देतात. घरी एवढं नेमकं जमलं नाही तरी रात्री गार आणि दिवसा उबदार राहणारी जागा निवडा.

अंधाराच्या डब्या मधेमधे उघडून बघायचा मोह होतो. उघडू नका. प्रकाशाला तीव्रपणे प्रतिसाद देणाऱ्या बियांना क्षणभराचा उजेडही पुरतो, आणि मग ती डबी अंधाराची राहत नाही. ठरलेल्या दिवशीच उघडा, बहुतेक भाज्या-फुलांसाठी सात ते चौदा दिवसांनी. ठरलेल्या दिवसांत मुळाचं पांढरं टोक टरफलाबाहेर किमान दोन मिलिमीटर आलेलं दिसलं तर ती रुजली असं मोजा. नुसती फुगलेली किंवा टरफल चिरलेली धरू नका.

मोजताना एक सावधगिरी. शंभर बियांच्या चाचणीत ६२ आणि ६८ यांच्यात काही फरक नाही. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा कमी अंतरावरून निष्कर्ष काढू नका.

ढोबळ अंदाज हवा असेल तर: अगदी बारीक बियांना उजेड लागण्याची शक्यता जास्त, कारण खोलातून वर यायला त्यांच्याकडे साठा नसतो. पेट्युनिया, स्नॅपड्रॅगन, बिगोनिया, तंबाखू, सेलरी आणि लेट्युसच्या अनेक जाती उजेड मागतात. सदाफुली, नायजेला, फेसेलिया यांना अंधार मानवतो. गहू, मका, घेवडा यांना फारसा फरक पडत नाही. पण जात बदलली, बियाणं जुनं झालं की गरज बदलते, म्हणून यादीपेक्षा आपली चाचणी खरी.

उजेड हवा असा निकाल आला तर पेरणी अशी करा. माध्यम आधी पूर्ण भिजवून निथळू द्या. बिया वर पसरा, सपाट फळीने हलकेच दाबा, वर माती टाकू नका. सुकण्याचा धोका असेल तर व्हर्मिक्युलाइटचा (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) अगदी पातळ थर किंवा वर पारदर्शक झाकण. पाणी फवाऱ्याने किंवा ट्रेच्या खालून द्या, धारेने बिया गाडल्या जातात. अंधार हवा असेल तर बीच्या जाडीच्या दोन-तीन पट माती आणि ट्रेवर पुठ्ठा; पहिले कोंब दिसले की पुठ्ठा त्याच दिवशी काढा.

## पायरी ४: नायट्रेट

उजेड देऊनही उगवण अर्धवट राहिली, तर पहिलं रसायन पोटॅशियम नायट्रेट. ते स्वस्त, बऱ्यापैकी सुरक्षित आणि मोजायला सोपं आहे. खत म्हणून १३-०-४५ या आकड्यांनी मिळतं तेच हे. चाचणीसाठी पाण्यात पूर्ण विरघळणारी, इतर अन्नद्रव्यं न मिसळलेली प्रत घ्या.

प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे एक लिटर पाण्यात २ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संस्थेच्या नियमांत सुप्तावस्था मोडायला हेच प्रमाण दिलेलं आहे. कागद पहिल्यांदा ओला करताना पाण्याऐवजी हे द्रावण वापरा. पुढे कागद सुकला तर मात्र साधंच पाणी घाला. दरवेळी द्रावण घातलं तर पाणी उडून जातं, क्षार साठतो आणि कोवळं मूळ तपकिरी पडतं.

नायट्रेट अनेक बियांत उजेडाच्या जोडीनेच खुलून काम करतं, म्हणून याची चाचणी उजेड आणि अंधार दोन्हीत करा. यामागचं कारणही सुंदर आहे. मातीत नायट्रेट साठलेलं असणं म्हणजे ते ओढून घेणारं दुसरं झाड आसपास नाही. लाल प्रकाश वरची जागा मोकळी असल्याचं सांगतो, नायट्रेट खालची. दोन्ही निरोप एकदम आले की बी पुढे पाऊल टाकते.

## पायरी ५: जिबरेलिक ॲसिड

जिबरेलिक ॲसिड म्हणजे वर पाहिलेल्या जिबरेलिनचाच एक प्रकार. बाजारात ते जी.ए.३ म्हणून मिळतं. लेबल वाचणं इथे सगळ्यात महत्त्वाचं, कारण गल्लत इथेच होते. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. ०.०५ टक्के म्हणजे ५०० पीपीएम. ०.००१ टक्के असं लिहिलेली तयार बाटली न पातळ करताही फक्त १० पीपीएम असते. पिकावर फवारायला ती बनवलेली असते, सुप्त बियांसाठी फारच सौम्य. उलट ९० टक्के शुद्धतेची पावडर असेल तर १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पीपीएमचं द्रावण करायला ५० नव्हे, सुमारे ५६ मिलिग्रॅम लागते.

पावडर पाण्यात हळूहळू आणि गुठळ्या करत विरघळते. आधी छोट्या भांड्यात घेऊन त्यावर एक-दोन मिलिलिटर शुद्ध इथाइल अल्कोहोल टाका, पूर्ण विरघळू द्या, मग ढवळत ढवळत पाणी घाला. पाणी गरम नको. उष्णतेने आणि अल्कलीने जिबरेलिन मोडतं. इतके कमी मिलिग्रॅम मोजणारा काटा नसेल तर १ ग्रॅम पावडर एक लिटरमध्ये विरघळवून अंदाजे १००० पीपीएमचं मूळ द्रावण करा आणि लागेल तसं पातळ करा: तेवढंच पाणी घातलं की ५००, एक भागाला तीन भाग पाणी घातलं की २५०.

सुरुवात १०० किंवा २५० पासून करा, ५०० पर्यंत जा, आणि त्याच अल्कोहोलचे तेवढेच थेंब टाकलेल्या साध्या पाण्याचा एक गट सोबत ठेवाच. हा गट नसेल तर उगवण जिबरेलिनमुळे वाढली की नुसत्या भिजवण्याने, हे कधीच कळणार नाही. भिजवण्याचा वेळ १२ ते २४ तास, अंधुक उजेडात, खोलीच्या तापमानाला. नंतर साध्या पाण्याने धुवा आणि लगेच पेरा.

लेट्युससारख्या प्रकाशावर अडलेल्या बिया जिबरेलिनमध्ये भिजवल्या की पूर्ण अंधारातही रुजतात, म्हणजे इथे ते प्रकाशाची जागा घेतं. काही बियांत ते थंडीचीही थोडीफार जागा घेतं. पण प्रमाण वाढवलं म्हणून परिणाम वाढत जात नाही. जास्त मात्रेने रोपं तारेसारखी लांब, फिकट आणि कमरेत मोडणारी निघतात. ९० टक्के लुळ्या रोपांपेक्षा ७० टक्के ठणठणीत रोपं केव्हाही बरी. म्हणून नुसती उगवण मोजू नका, दहाव्या दिवशी रोपांची उंची आणि खोडाची जाडीही बघा.

## पायरी ६: बाकीची रसायनं

इथिलीन वायू काही बियांची सुप्तावस्था मोडतो. तो बीपर्यंत पोचवायला इथेफॉन वापरतात. पेशींमध्ये शिरल्यावर त्यातून इथिलीन सुटतं. ताज्या सूर्यफुलावर आणि पसऱ्या भुईमुगावर याचा उपयोग चांगला माहीत आहे. ही दोन पिकं नसतील तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

थायोयुरियाची शिफारस जुन्या पुस्तकांत सापडते. कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय या रसायनावर आहे, आणि नायट्रेट-जिबरेलिनने बहुतेक काम होत असताना ते घरात आणायची गरज नाही.

धूर हा मात्र मनापासून सांगण्यासारखा विषय आहे. वणव्यानंतर जमीन हिरवी होते त्यात उष्णतेइतकाच धुराचाही हात असतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधनातून १९९० मध्ये पुढे आलं. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये धुरातला नेमका घटक वेगळा काढण्यात आला. त्या गटाला पुढे कॅरिकिन हे नाव मिळालं. हे घटक अत्यंत कमी मात्रेत काम करतात आणि वणव्याच्या प्रदेशाशी संबंध नसलेल्या लेट्युसवरही परिणाम दाखवतात. वाळलेल्या पाल्याचा धूर नळीने पाण्यातून बुडबुडवत नेला की धूरपाणी तयार होतं. ते तसंच वापरू नका, दाट धूरपाणी उगवण रोखतं. दहा पट, शंभर पट आणि हजार पट पातळ करून तिन्ही तपासा. हे काम मोकळ्या जागेतच करा.

एक उलट उदाहरणही पाहण्यासारखं आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारं टारफुला हे परजीवी तण यजमानाच्या मुळातून झिरपणारं रसायन मिळाल्याशिवाय रुजतच नाही. त्या प्रकारचं पहिलं द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळं केलं गेलं. कापसावर टारफुला जगू शकत नाही, पण कापूस त्याला रुजायला भाग पाडतो आणि ते उपाशी मरतं. पिकांची फेरपालट करण्यामागे असंही रसायनशास्त्र असतं.

## पायरी ७: निकाल कसा वाचायचा

उजेडात भरपूर, अंधारात कमी, आणि जिबरेलिन दिल्यावर अंधारातही भरपूर, असं असेल तर अडचण फक्त प्रकाशाची होती. रसायन विसरा, वर पेरा. उजेडात कमी पण उजेड आणि नायट्रेट मिळून चांगली, तर सुप्तावस्था सौम्य आहे. कोरड्या जागी दोन-तीन महिने साठवलं तरी ती बऱ्याचदा आपोआप ओसरते. फक्त जिबरेलिनलाच प्रतिसाद असेल तर ती जास्त खोल आहे, किंवा बीला ओलसर थंडी हवी आहे. चार-पाच अंशांवर ओल्या वाळूत चार ते बारा आठवडे ठेवून पाहा. सफरचंद, पीचसारख्या फळझाडांत थंडीला पर्याय शोधू नये; पुरेशी थंडी न देता जबरदस्तीने रुजवलेली रोपं खुजी राहतात.

कशालाच प्रतिसाद नसेल तर उरलेल्या बिया चिमट्याने दाबून पाहा. पिचकून पांढरा-करडा लगदा बाहेर आला तर ती मेलेली. टणक, स्वच्छ पांढरा गर दिसला तर ती बहुधा जिवंत आहे आणि अजून थांबलेली आहे. खात्री हवी असेल तर बीज परीक्षण प्रयोगशाळेत टेट्राझोलियम चाचणी करून मिळते. बी चिरून त्या रंगहीन द्रावणात ठेवतात. श्वसन चालू असलेल्या जिवंत पेशी लाल होतात, मेलेल्या बिनरंगी राहतात. गर्भ सगळा लाल आणि उगवण शून्य, तर बियाणं फेकायचं नाही, उपचार बदलायचा.

## सांभाळायच्या गोष्टी

हातमोजे घाला आणि पावडर मोजताना पंखा बंद ठेवा. द्रावणाच्या बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहा. पिण्याच्या पाण्याची बाटली कधीही वापरू नका. जिबरेलिनचं द्रावण अंधारात, फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं ठेवा, आणि शक्यतो त्याच आठवड्यात संपवा. पाण्यात ते हळूहळू निकामी होतं, त्यामुळे जुन्या द्रावणाने आलेला वाईट निकाल बियाण्याच्या माथी मारला जातो. उपचार केलेलं उरलेलं बियाणं खाण्यात, मोड आणण्यात किंवा पक्ष्यांना टाकण्यात जाऊ देऊ नका. नायट्रेटचं उरलेलं पातळ द्रावण वाढत्या झाडांना घालता येतं. इथेफॉनचं मात्र झाडांच्या बुंध्याशी ओतू नका, पानं आणि फुलं गळतात.